उलंगवाडी वेळेवर झाली पाहिजे



संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाला, हळदी-कुंकवाची लगबग अजून घरोघरी चालू आहे. हरभरा घाट्यांवर आला आहे, गव्हाने ओंबी बाहेर काढली आहे आणि तुरीची सोंगणी तोंडावर आली आहे. या दिवसांत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वावरांतून फेरफटका मारला म्हणजे डोळे निवतात. पण कपाशीच्या वावरापाशी आलो की माझे पाय अडखळतात. जी पऱ्हाटी आतापर्यंत वाळून, उपटून धुऱ्यावर यायला हवी होती, ती हिरवीगार उभी दिसते.

परवा सेलू तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. बोरच्या कालव्याचे पाणी असलेले गाव. एका काकाजींच्या तीन एकर कपाशीचे चार वेचे होऊन गेले होते. त्यांनी नुकतेच पाणी देऊन एकरी एक पोते युरिया टाकला होता. झाडांना नवी पालवी फुटली होती, वर फुले होती, हिरवी बोंडे लागली होती. काकाजी खुशीत होते.

"साहेब, झाड पाहा कसं तजेलदार झालं. अजून दोन वेचे कुठे जात नाहीत जी."

मी धुऱ्यावर बसलो. वावरात चार ठिकाणी फिरून दहा हिरवी बोंडे तोडून आणायला त्यांच्या मुलाला सांगितले. बोंडे वरून पाहिली तर एकदम निरोगी होती, एकावरही छिद्र नव्हते. एकेक फोडत गेलो. दहापैकी सातांत गुलाबी अळी निघाली. दोन बोंडांत तर दोन-दोन होत्या. काकाजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग का करू साहेब? हिरवं झाड उपटाले हात धजत नाही."

हा त्यांचा प्रश्न मला खोटा वाटला नाही. ज्या झाडाला मृगात पेरले, खांडण्या भरल्या, डवरले, निंदले, त्याच्यावर फूल असताना ते मुळासकट काढायचे म्हणजे शेतकऱ्याच्या जिवावर येते. म्हणून आज या झाडाच्या शेवटाविषयीच बोलू.

उलंगवाडी म्हणजे काय होते

त्याच घरी चहा घेताना काकाजींच्या आई बाजेवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचे. आमचे बोलणे ऐकून त्या मध्येच म्हणाल्या, "आमच्या वक्ताले संक्रांतीच्या आगेमागे उलंगवाडी होऊन जाये. मंग वावरात ढोरं सुटत. कोनाचं वावर अन् कोनाचे ढोरं, कोनी पाहे नाही."

उलंगवाडी हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. नव्या पिढीसाठी सांगतो. कापसाचा शेवटचा वेचा झाला की घरधनी वावर मोकळे करून टाकी. आधी गावातल्या गरीब बाया सर्वा वेचायला येत. झाडावर राहून गेलेली, जमिनीवर पडलेली बोंडे त्यांची. मग गावच्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या सुटत. हिरवी बोंडे, पाने, कोवळे शेंडे चार-आठ दिवसांत फस्त होत. मग पऱ्हाट्या उपटायच्या, बंडीत भरून घरी आणायच्या. चुलीला त्याच, कुडाला त्याच. रान ओके झाले की वखर चालायचा आणि पुढे चैत्र-वैशाखाचे ऊन त्या काळ्या मातीला मिळायचे. उन्हात जमीन भेगाळायची. पुढच्या रोहिणीपर्यंत त्या वावरात कपाशीचे एक पानही नसे.

आपण शेतीचे दिवस नक्षत्रांवर मोजतो. रोहिणीत तयारी, मृगात पेरणी, हस्तावर नजर, स्वातीत पावसाचा निरोप. पण या मोजणीत सुरुवातीचीच नक्षत्रे आपल्या तोंडपाठ आहेत. वेचणी सुरू करताना आजही पुष्कळ घरी सीतादही करतात, घरची लक्ष्मी दहीभात घेऊन वावरात जाते. पेरणीला मुहूर्त, वेचणीला पूजा. शेवटाला मात्र पूजा नव्हती, रिवाज होता. पूजा टिकली आणि रिवाज मोडला. गेल्या काही वर्षांत कापसाचे जे झाले, त्यात या मोडलेल्या रिवाजाचा मोठा वाटा आहे.

अळीचेही एक पंचांग असते

गुलाबी बोंडअळी आपल्या देशाला नवी नाही. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात गुजरातेत भडोचकडच्या कापसात ती सापडल्याची शास्त्रीय नोंद आहे. म्हणजे आपल्या पणजोबांच्याही आधीपासून ती आपल्यासोबत आहे. तिचे जगणे समजून घेतले की उलंगवाडीचे मर्म आपोआप कळते.

या अळीचा पतंग लहान, मातकट रंगाचा असतो. दिवसा दडून बसतो, रात्री फिरतो. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर शे-दोनशे अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अळी निघते आणि लगेच आत शिरते. शिरलेले छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमाने बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबकळीसारखे मिटलेले राहते. त्यालाच आपण डोमकळी म्हणतो. बोंडात ती सरकी खाते, रुई डागाळते, कापसाची कवडी होते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना लागतो. एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात, आणि दर पिढीला संख्या वाढत जाते. म्हणूनच ऑगस्टमध्ये जी अळी शोधावी लागते, ती डिसेंबरात दर बोंडात भेटते.

आता महत्त्वाची गोष्ट. ही अळी मुख्यतः कपाशीवर जगते. भेंडी, अंबाडी अशा त्याच कुळातल्या थोड्या झाडांवर ती निभावून नेते, पण तिचे खरे घर कपाशी. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की यातल्या काही अळ्या झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, वाळलेल्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात किंवा मातीत त्या कित्येक महिने न खाता पडून राहतात. ऊन तापून पुढे हवेत ओल आली की त्यांचे पतंग बाहेर पडतात. पतंगाचे आयुष्य आठ-पंधरा दिवसांचे. त्या दिवसांत अंडी घालायला पाते-फूल मिळाले तर वंश चालला. मिळाले नाही तर तो पतंग वाया गेला.

जुन्या पद्धतीत काय होत होते ते आता पाहा. बोंडे गुरांच्या पोटात गेली, बरीच पऱ्हाटी उन्हाळ्यातच चुलीत गेली, मातीतल्या कोषांना वखराने वर आणले, साळुंक्या-बगळ्यांनी टिपले, उरलेले ४५ अंशांच्या उन्हाने भाजले. त्यातूनही जे पतंग मे-जूनमध्ये निघाले, त्यांना वावरात कपाशीच भेटत नव्हती, कारण पेरणी मृगाच्या पावसावर आणि पाते त्यानंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी. पाच-सहा महिन्यांचा हा उपास अळीला झेपत नव्हता. आपल्या आजोबांना या अळीचे शास्त्र ठाऊक नसेल, पण त्यांच्या ऋतुचक्रात तिचा बंदोबस्त आपसूक होत होता.

चक्र कुठे मोडले

यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. विहिरींवर पंप बसले, बोर-धामचे कालवे आले. हजार मिलिमीटरच्या आसपास पावसाचा हा जिल्हा, पण तो पाऊस चार महिन्यांत पडून जातो. कोरडवाहू पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीत ओल संपली की आपोआप वाळायची. पाणी आल्यावर ती वाळेना. संकरित वाण आले, ते जास्त दिवसांचे, पाणी-खत दिले की पुन्हा फुटणारे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी-२ आले. पहिली काही वर्षे बोंडअळी जवळजवळ दिसेनाशी झाली. अळी नाही, पाणी आहे, झाड हिरवे आहे, मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायला काय हरकत? अशी फरदड सुरू झाली. दुसरीकडे पाणीवाल्यांनी मे महिन्यातच कपाशी लावायला सुरुवात केली. इकडून शेवट लांबला, तिकडून आरंभ अलीकडे आला. अळीचा उपास सहा महिन्यांवरून दोन-तीन महिन्यांवर आला.

उपास नसलेली अळी बाराही महिने बीटी कापूसच खात राहिली. जी मेली ती मेली. जी विष पचवून जगली तिची पोरेबाळे वाढली. गुजरातेत एका जनुकाच्या बीटीला ती दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दोन जनुकांचेही तेच झाले. आणि २०१७ साल उजाडले.

त्या साली काय झाले ते वर्धा-यवतमाळच्या कोणत्याही घराला सांगायला नको. दिवाळीनंतर वरून भरलेली दिसणारी पऱ्हाटी, आणि बोंड फोडले की आत काळी पडलेली रुई. पंचनाम्यांसाठी आम्ही गावोगाव फिरत होतो. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला, कोणी गुरे सोडली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बोंडात शिरलेल्या अळीला फवारा पोचत नाही हे आपल्याला त्या वर्षी फार महाग पडून कळले.

इथे मला माझीही एक चूक कबूल केली पाहिजे. बीटीच्या त्या पहिल्या चांगल्या वर्षांत पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्यांना "दोन पाणी द्या, थोडा युरिया द्या, फरदडीचे चार पैसे मिळतील" असे मी स्वतः सांगितलेले आहे. तेव्हा ते फायद्याचे दिसत होते. शेतकऱ्याने ऐकले, त्याला पैसेही मिळाले. त्याचे व्याज पुढे सगळ्या गावाला भरावे लागले. म्हणून आज काकाजींसमोर "फरदड घेऊ नका" म्हणताना आवाज चढवण्याचा अधिकार मला नाही. समजावण्याचा मात्र आहे.

फरदडीचा खरा हिशेब

काकाजींना मी म्हटले, "आपण रुपयांत मोजू नका, कापसातच मोजा." त्यांनी बोटांवर हिशेब केला. फरदडीत एकरी दोन क्विंटल येईल असा त्यांचा अंदाज. त्यातला निम्मा कवडी, म्हणजे भाव पडेल आणि चांगल्या कापसाच्या भावात तो दीड क्विंटलच भरेल. बोंडे अर्धवट उमललेली, एकेक पाकळी ओढून काढावी लागते, म्हणून वेचणाऱ्या बाया किलोमागे जास्त मागतात. वेचाई, युरिया, दोन पाणी, एक-दोन फवारण्या यांत एक क्विंटलची किंमत निघून जाते. हाती उरतो अर्धा क्विंटल.

मग मी विचारले, "यंदा अळी नसती तर चार वेच्यांत एकरी किती झाला असता?" ते म्हणाले, "दोन क्विंटल तरी जास्त." म्हणजे अर्ध्या क्विंटलसाठी आपण पुढच्या वर्षीचे दोन क्विंटल गहाण टाकतो, आणि तेही फक्त आपले नव्हे, धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचेही. पतंग सातबारा पाहून उडत नाही.

घरातल्या बायांनीही यात बोलले पाहिजे. कारण फरदडीचा कापूस वेचतात त्याच. वाळक्या पऱ्हाट्यांनी हात ओरबाडतात, फवारलेल्या झाडांत दिवसभर वाकून काम करावे लागते. तो कापूस घरात साठवला की लेकरांच्या अंगाला खाज सुटते. हा खर्च हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही. काकाजींच्या सूनबाई दाराआडून एवढेच म्हणाल्या, "मामाजी, पाचव्या वेच्याले मजूर बाया येत नाहीत. मग मीच जातो." काकाजींनी तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली.

यंदाची उलंगवाडी अशी करा

१. डिसेंबरअखेर कपाशी मोकळी करायची असते. ज्यांची उभी आहे त्यांनी आता आणखी दिवस मोजू नयेत. पाणी आणि खत आजच बंद करा. उमललेला कापूस वेचून घ्या. स्वच्छ कापूस आणि कवडी वेगवेगळ्या ठेवा.

२. मग शेळ्या-मेंढ्या, गुरे सोडा. स्वतःची नसतील तर गावातल्या शेळीवाल्याला किंवा फिरत्या धनगरांना बोलवा. बोंडे खाऊन होतील आणि लेंड्यांचे खतही पडेल. मात्र अलीकडे फवारणी झाली असेल त्या वावरात जनावर सोडू नका. औषधाच्या डब्यावर दिलेले दिवस पूर्ण होऊ द्या. ही गोष्ट जुन्या काळी पाहावी लागत नव्हती, आज पाहावी लागते.

३. पऱ्हाटी मुळासकट काढा. चिमट्याने उपटा, किंवा गावात ट्रॅक्टरवरचे श्रेडर मिळत असेल तर बारीक करून जमिनीत मिसळा. काळ्या जमिनीला सेंद्रिय खत मिळेल. चार शेतकरी मिळून यंत्र बोलावले तर भाडे कमी पडते.

४. सरपणासाठी पऱ्हाट्या ठेवायच्या असतील तर आधी त्यांवरची वाळकी बोंडे झोडून वेगळी करा आणि जाळून टाका. धुऱ्यावर किंवा वावरात गंजी लावून पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. ती गंजी म्हणजे अळीची धर्मशाळा आहे. मेच्या आधी सरपण संपवा.

५. पडलेली बोंडे, पाती, किडका कापूस वेचून नष्ट करा. घरात कापूस साठवला असेल तर त्या खोलीजवळ एक कामगंध सापळा टांगा. जिनिंगच्या आवारातही असे सापळे लावणे फार गरजेचे आहे.

६. रान मोकळे झाले की वखरून किंवा खोल नांगरून उन्हाळवाही करा. नांगरट शक्यतो सकाळी करा, पाखरे मागे येतात. त्यांना फुकटचे मजूर समजा.

७. पाणी आहे तर ते वाया का घालवायचे, असे कोणी विचारेल. बरोबर आहे. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून उन्हाळी भुईमूग घेता येतो, फेब्रुवारीत उन्हाळी तीळ, त्यापुढे मूग. यांतले एकही अळीच्या उपयोगाचे नाही. भुईमूग-मूग जमिनीला नत्रही देतात. पुढच्या वर्षी आणखी आधी, नोव्हेंबरात पऱ्हाटी निघाली तर हरभरा किंवा गहूदेखील साधतो. कपाशीच्या वावरात भेंडी मात्र लावू नका.

एकट्याने भागत नाही

तुम्ही म्हणाल, "मी उपटली, शेजाऱ्याने ठेवली, तर माझा काय फायदा?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उलंगवाडी ही एका घराची गोष्ट कधी नव्हती. एकाची ढोरे सगळ्यांच्या वावरात फिरायची, म्हणजे साऱ्या गावाचा शेवट एकदम व्हायचा.

मोठमोठ्या मुलखांना हेच करावे लागले. मद्रास इलाख्यात १९१९ साली पिकांवरील कीड-रोगांचा कायदा झाला. ठरलेल्या तारखेआधी कपाशीची जुनी झाडे उपटण्याचा नियम त्या कायद्याखाली लावला गेला. अमेरिकेत ही अळी १९१७ मध्ये टेक्सासात पहिल्यांदा सापडली आणि तिने पुढे अनेक दशके त्यांना छळले. त्यांनी बीटी वापरले, कामगंध वापरला, नपुंसक केलेले पतंग सोडले, पण त्यासोबत पऱ्हाटी अमुक तारखेच्या आत गाडलीच पाहिजे हा नियम साऱ्यांनी पाळला. २०१८ मध्ये त्या देशाने आपल्या कापसातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. विमाने आणि प्रयोगशाळा त्यांच्याकडे होत्या हे खरे. पण पऱ्हाटी वेळेवर गाडायला विमान लागत नाही.

आपल्याकडे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी हेच सांगत असतात. शासनानेही कपाशी फार लवकर लागू नये म्हणून मध्यंतरी बियाणे विक्रीच्या तारखा ठरवून दिल्या. परंतु कागदावरच्या तारखेपेक्षा ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून ठरवलेली तारीख अधिक पाळली जाते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. आता लवकरच २६ जानेवारीची ग्रामसभा येईल. त्यात रस्ते-नाल्यांबरोबर एक विषय हाही घ्या: आपल्या गावची उलंगवाडी कोणत्या तारखेला? दवंडी द्या, शेळीवाल्यांना सांगा, शाळेतल्या मुलांकडून फलकावर लिहून घ्या. ज्याला मजूर मिळत नाहीत, ज्या घरी माणूस आजारी आहे, त्याची पऱ्हाटी चौघांनी मिळून काढून द्या.

शेवटातच पुढच्या मृगाची तयारी

उलंगवाडी वेळेवर झाली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे जूनमध्ये. पाणी असले तरी कपाशी मे महिन्यात लावू नका. मृगाचा पहिला शिडकावा पाहूनही तिफन बाहेर काढू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत चांगली ओल गेली म्हणजे पेरा. त्याने दुबार पेरणीचेही संकट टळते. वाण निवडताना शेजाऱ्याच्या वावरातल्या उंचीपेक्षा दिवस विचारा. १५० ते १६० दिवसांत मोकळा होणारा वाण आपल्या हंगामात बसतो.

पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावा. लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन बोंडे अळीची निघाली, तरच फवारणीचा विचार करा आणि त्याआधी कृषी सहायकाला विचारा. डोमकळ्या दिसल्या की तोडून जाळा. हे काम पोरेसोरेही करतील. पावसाळ्यात यावर सविस्तर लिहीनच.

पूर्वीचे सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही. पूर्वी एकरी उत्पन्न कमी होते, पावसाने दगा दिला की घरात दाणा नसे. विहीर हवी, कालवा हवा, नवे वाणही हवेत. पण पाणी आपल्या हातात आले म्हणून ऋतू आपल्या हातात आले, असा आपला समज झाला. जमिनीला विसावा लागतो, बाईमाणसाच्या हातांनाही लागतो. आणि अळीला उपास घडवावा लागतो. हे तिन्ही आपल्या आज्या-आजोबांच्या एका शब्दात बसत होते.

निघताना काकाजी मला गाडीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "एक एकर ठेवतो साहेब, दोन एकर काढतो." मी म्हटले, "काकाजी, एक एकरही साऱ्या गावाला पुरते." ते हसले, काही बोलले नाहीत. मागून म्हातारीचा आवाज आला. ती नातवाला सांगत होती, "जाय रे बापू, त्या शेळीवाल्याले सांगून ये, उद्या सकाळी बकऱ्या घेऊन येजो म्हना. तिन्ही एकरात."

काकाजींनी मागे वळून पाहिले, आणि मग नातवाला म्हणाले, "जाय."

पुढील लेखात उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी.